चढणीचा मासा आणि शासनाची दृष्टी : भातसा खोऱ्याच्या संदर्भात मत्स्यसंरक्षणाचा इतिहास

१. विषयप्रवेश

शहापूर सोडून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणारा रस्ता सापगावापाशी भातसा नदी ओलांडतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला, ओहोळ गढूळ पाण्याने भरून नदीला मिळू लागले, की ह्या परिसरात दरवर्षी एक घटना घडते. उन्हाळाभर डोहांत दबून राहिलेले मासे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर निघतात. नदीतून ओहोळात, ओहोळातून भाताच्या खाचरांत शिरतात, आणि उथळ, ताज्या पाण्यात अंडी सोडतात. गावकरी ह्या घटनेला 'चढण' म्हणतात. उत्तर कोकणात तिला 'वलगण' असेही नाव आहे. पहिल्या चढणीचे दोन-चार दिवस म्हणजे शेतकरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा सर्वांच्याच घरी माशाचे कालवण शिजण्याचे दिवस. पाग, गळ, बांबूच्या कामट्यांचे सापळे, प्रसंगी नुसते हात, एवढ्यावर ही मासेमारी चालते.

सामन ह्या उत्तर गोलार्धातील माशाचे जीवन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथे एक साम्य तत्काळ जाणवेल. सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्मनदीच्या उगमाकडे चढून जातो. भातशातील मासे समुद्रातून येत नाहीत, त्यांचा प्रवासही काही शे मीटरांचा वा थोड्या मैलांचा असतो. परंतु दोहोंच्या जीवनाचे सूत्र एकच आहे. मासा आणि त्याची वाट ह्या एकमेकांपासून वेगळ्या करता येण्याजोग्या गोष्टी नाहीत. हिंदुस्थानातील मत्स्यसंरक्षणाचा कायदा ज्या अधिकाऱ्यांच्या प्रेरणेने घडला, त्यांच्या डोळ्यांसमोर सामनच होता. असे असूनही त्या कायद्याने माशाची वाट जपली नाही. हे कसे घडले, ह्याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. नावांची साक्ष

दख्खनच्या गोड्या पाण्यातील माशांची पहिली शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स ह्यांनी केली. ते मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी माहिती गोळा करणारे अधिकारी होते. त्यांचे माशांविषयीचे निबंध १८३९ ते १८४१ ह्या काळात लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केले. नव्या जातींना नावे देताना साइक्स ह्यांनी पुष्कळदा लॅटिन शब्द न घडवता स्थानिक मच्छीमारांच्या तोंडची नावेच उचलली. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत एकोणिसाव्या शतकातील मराठी बोलीचा एक छोटासा कोश सुरक्षित राहिला आहे.

ही नावे वाचताना साइक्स ह्यांच्या लेखनपद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. त्या काळच्या इंग्रजी रीतीप्रमाणे ते ऱ्हस्व अकारासाठी 'यू' हे अक्षर वापरतात. 'दख्खन' हा शब्दही ते आज वाचल्यास 'दुखुन' वाटेल असाच लिहितात. ही गोष्ट कळली की अनेक नावे आपोआप उलगडतात. 'मुल्ल्या' म्हणजे खडकाला चिकटून चढणारा 'मळ्या'. 'नुक्ता' हे नाव 'नकटा' असे वाचावे लागते, आणि ज्या माशाला ते दिले आहे त्याच्या मुस्कटावर खोल खाच असते. 'सिंगाला' हा 'शिंगाळा', तर 'सिंग्टी' ही 'शिंगटी'. ह्याच निबंधांत मुळा-मुठेच्या पाण्यातील एका मोठ्या खवल्यांच्या माशाला 'खुद्री' हे जातिनाम मिळाले. आज शास्त्रज्ञ त्याला 'टॉर खुद्री' म्हणतात. हाच दख्खनचा महासीर. मराठीत त्याला 'खडची' असेही नाव आहे.

ही नावे देणाऱ्यांनी माशाचे निरीक्षण किती बारकाईने केले होते, हे त्यांवरून दिसते. नाक, शिंगासारखी मिशी, खडकाला धरून राहण्याची सवय अशा खुणांवरून जात ओळखली जाई. 'चढण' हा शब्दही निरीक्षणातूनच आला आहे. मात्र त्याचा विषय माशाचे शरीर हा नसून माशाची गती हा आहे. साइक्स ह्यांच्या पद्धतीने शरीराची नावे शास्त्रात गेली, कारण शास्त्राला नमुना हवा होता, आणि नमुना बाटलीत ठेवता येतो. गतीचे नाव बोलीतच राहिले.

३. सामनाचा आदर्श आणि १८९७ चा कायदा

इंग्लंडात माशाच्या वाटेचा विचार फार जुना आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये थेम्स, मेडवे व इतर नद्यांतील मासे अडवणारे बांध काढून टाकावेत असे एक कलम आहे. त्यामागे नौकानयनाची सोय हा हेतू मुख्य असला, तरी नदी अडवणे ही सार्वजनिक बाब आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. १८६१ च्या सामन मत्स्य अधिनियमाने बंदीचा हंगाम, निरीक्षक आणि बांधांवर माशांसाठी वाट ठेवण्याची व्यवस्था ही तिन्ही अंगे एकत्र आणली.

हाच काळ हिंदुस्थानात फ्रान्सिस डे आणि हेन्री सुलिव्हन टॉमस ह्यांच्या कार्याचा आहे. डे हे पेशाने लष्करी वैद्य; पुढे ते हिंदुस्थानच्या मत्स्य विभागाचे महानिरीक्षक झाले. निलगिरीच्या ओढ्यांत ट्राउट ही सामनाच्या कुळातील जात रुजवण्याचे प्रयत्न १८६० च्या दशकात झाले, त्यांत त्यांचा हात होता. टॉमस हे मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी. महासीर गळाला लावण्याचा आनंद सामनाच्या तोडीचा आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १८७३ साली निघाला. इंग्रज शिकाऱ्यांच्या बोलण्यात महासीर हा 'हिंदुस्थानचा सामन' ठरला. मुंबईच्या बाजारात मात्र 'इंडियन सामन' ही उपाधी रावस ह्या खाडीच्या व समुद्राच्या माशाला मिळाली. त्याचे सामनाशी कोणतेही कूळनाते नाही. एकाच परक्या नावाने दोन भिन्न मासे ओळखले जावेत, ह्यावरून ते नाव माशाच्या परिचयापेक्षा पाहणाऱ्याच्या आठवणीविषयीच अधिक सांगते, हे उघड आहे.

डे ह्यांचा गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावरील विस्तृत अहवाल १८७३ साली प्रसिद्ध झाला. जिल्हाधिकारी व तहसीलदार ह्यांच्याकडून प्रश्नावलीद्वारे माहिती मागवून तो तयार केला होता. बारीक जाळी, पाणवाटांत रोवलेले स्थिर सापळे आणि प्रजननकाळात अंडी घालणाऱ्या माशांची व पिलांची होणारी पकड ही माशांच्या ऱ्हासाची कारणे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. चढणीच्या वेळी खाचरांच्या तोंडाशी लावलेला सापळा हे ह्या विवेचनाचे नमुनेदार उदाहरण ठरावे. अशा बंदीमुळे गरिबांच्या अन्नावर गदा येईल, ही शंका प्रशासनात होतीच. अहवालानंतर कायदा होण्यास चोवीस वर्षे लागली.

१८९७ चा चौथा अधिनियम, म्हणजे हिंदुस्थानचा मत्स्य अधिनियम, हा अगदी लहान कायदा आहे. त्याने दोन गोष्टी थेट गुन्हा ठरवल्या : स्फोटक द्रव्याने मासे मारणे, आणि मासे पकडण्याच्या वा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक द्रव्य टाकणे. त्यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. स्थिर सापळे, बांध, जाळ्यांचे आस ह्यांवर नियम करण्याचा आणि एखाद्या पाण्यात जास्तीत जास्त दोन वर्षे मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देण्यात आला.

४. हेतूचे कलम

ह्या कायद्यातील 'हेतू' हा शब्द इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासी समाजांत गेळाची फळे, रामेठ्याची साल अशी वनस्पतिद्रव्ये कुटून आटलेल्या डोहात टाकण्याची व गुंगलेले मासे वेचण्याची रीत होती. ही कृती कायद्याच्या व्याख्येत तंतोतंत बसते, कारण तेथे मासे पकडण्याचा हेतू स्पष्ट आहे. उलट, कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडणाऱ्याचा हेतू मासे मारण्याचा नसतो. त्याला केवळ सांडपाणी नकोसे झालेले असते. त्यामुळे सगळा डोह मेला तरी ह्या कलमाखाली तो दोषी ठरवणे कठीण. ही उणीव भरून काढण्यास १९७४ चा जलप्रदूषणविषयक केंद्रीय अधिनियम यावा लागला. मधल्या पाऊणशे वर्षांत उल्हास नदीच्या काठी कारखानदारीची वाढ झाली, आणि भातसा व काळू ह्यांचे पाणी शेवटी त्याच नदीत मिसळते.

हीच गोष्ट बांधांची. कायद्यात उल्लेखिलेला बांध हा मच्छीमाराने मासे अडवण्यासाठी घातलेला बांध आहे. सरकारने पाणी साठवण्यासाठी उभारलेली भिंत कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर नव्हती. तथापि तेव्हा अशा भिंती नव्हत्या असे म्हणता येणार नाही. शहापूर तालुक्यातीलच तानसा धरण १८९२ साली, म्हणजे कायद्यापूर्वी पाच वर्षे, मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी पूर्ण झाले होते. आदर्श इंग्लंडचा होता, पण त्या आदर्शातील बांधावर माशांसाठी वाट ठेवण्याचे अंग तेवढे सागर ओलांडून आले नाही. बंदी आली, दंड आला. वाट मात्र आली नाही.

वनखात्याच्या कायद्यानेही हीच दिशा दृढ केली. १९२७ च्या वन अधिनियमात राखीव जंगलात नियमाविरुद्ध मासे धरणे व पाण्यात विष घालणे ह्यांचा समावेश शिकार व सापळे लावणे ह्यांच्या पंक्तीत केला आहे. मुंबई इलाख्यात मत्स्यव्यवसायाची जी पाहणी झाली तिचा भर समुद्रावर होता. एच. टी. सोर्ले ह्यांचा १९३३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल नावाप्रमाणेच सागरी मत्स्यव्यवसायाचा आहे. त्यामुळे घाटाच्या पायथ्याच्या नद्यांशी शासनाचा संबंध मुख्यतः गुन्ह्याच्या अंगाने राहिला.

५. बीज आणि पीक

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यांकडे सोपवला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आला. ह्याच सुमारास शास्त्रातही एक मोठी घटना घडली. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी ह्यांनी माशाच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प जातींकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेण्यात यश मिळवले. तोवर कटला, रोहू, मृगळ ह्यांची पिले नद्यांच्या पुरातून गोळा करावी लागत. आता ती हवी तेव्हा निर्माण करता येऊ लागली.

ह्या शोधाने अन्नोत्पादनात जी भर पडली ती नि:संशय मोठी आहे. परंतु त्याबरोबर शासनाची भाषाही बदलली. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांना 'मत्स्यजिरे' म्हणू लागले, त्यांहून मोठ्यांना 'बोटुकली'. एकंदर पुरवठ्याचे नाव 'मत्स्यबीज' ठरले. हे शब्द सुबोध आहेत, आणि काही तर सुंदरही आहेत. मात्र त्यांतील बहुतेक शेतीच्या व कोठाराच्या क्षेत्रातून आलेले आहेत. बीज पेरायचे, त्याची वाढ करायची, पीक काढायचे, दर हेक्टरी उत्पादन मोजायचे. ह्या परिभाषेत पाणी हे शेत होते आणि मासा एका जागी उभे राहणारे पीक होतो. 'चढण' हा शब्द तीत कोठेच बसत नाही. पीक चढून जात नाही.

ह्याच परिभाषेच्या काळात भातशाचे रूप बदलले. भातसा धरणाचे बांधकाम १९८३ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ८८ मीटर आहे. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी ह्या एका धरणातून जाते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथे उचलले जाते. त्यामुळे सापगावाजवळील नदी वर मोठ्या भिंतीने आणि खाली बंधाऱ्याने मर्यादित झालेली आहे. तिला बारमाही पाणी आहे. पण ते महानगराच्या गरजेनुसार येते. पूर्वी उन्हाळ्याची टंचाई आणि मृगाचा लोंढा ह्या दोन टोकांमधील फरक हाच माशाला निघण्याचा इशारा होता. ओहोळ अजून पावसाने भरतात, चढण अजून दिसते. परंतु मुख्य नदीचे वेळापत्रक आता पावसाच्या एकट्याच्या हाती राहिलेले नाही.

हा प्रश्न केवळ येथलाच नाही. अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९३८ साली बॉनव्हिल धरण झाले तेव्हा सामनासाठी पायऱ्यांची वाट बांधण्यात आली. त्याच नदीवर वर असलेले १९४२ चे ग्रँड कूली धरण अशा वाटेविना उभे राहिले आणि त्यापलीकडचे सारे जलक्षेत्र सामनाला कायमचे बंद झाले. भारतात समुद्रातून नदीत चढणारा खरा प्रवासी मासा म्हणजे हिलसा. १९७५ साली फरक्का बंधारा सुरू झाल्यावर गंगेच्या वरच्या भागातील हिलसाची पकड झपाट्याने घटली. ज्याची बाजारात किंमत मोठी, त्या माशाच्या वाटेची निदान चर्चा झाली. मळ्या आणि शिंगटी ह्यांच्या वाटेची चर्चा होण्याचे कारणच नव्हते.

६. वळवणचा प्रयोग आणि त्याचा धडा

महाराष्ट्रात मत्स्यसंवर्धनाचा एक प्रयत्न मात्र विशेष लक्षणीय आहे. तो सरकारी खात्याबाहेर, लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या तलावावर झाला. टाटांचे घाटमाथ्यावरील तलाव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत वीजनिर्मितीसाठी बांधलेले आहेत. त्यांचे पाणी पूर्वेकडील खोऱ्यांतून वळवून कोकणात सोडले जाते. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडणारे पाणी उल्हास नदीला मिळते. ह्या तलावांत महासीर होता. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी १९७० च्या सुमारास दख्खनच्या महासीराच्या प्रजननाचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला; पुढे एस. एन. ओगले ह्यांच्यासह त्यांनी कृत्रिम प्रजननाची पद्धत सिद्ध केली. महासीराची अंडी जड असतात. ती तळाशी, वाळूगोट्यांत विसावतात आणि त्यांना स्वच्छ, प्राणवायूने युक्त पाणी लागते. गाळाने भरलेल्या पात्रात ती जगत नाहीत. सामनाच्या अंड्यांचीही हीच गरज आहे.

वळवणच्या उबवण केंद्रातून पुढील दशकांत लक्षावधी पिले देशाच्या अनेक भागांत पाठवण्यात आली. ज्या जातीला आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत पूर्वी 'संकटग्रस्त' मानले होते, तिला २०१८ च्या मूल्यमापनात सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात ठेवण्यात आले. यशाची ही कथा येथेच संपली असती तर बरे होते. परंतु ही पिले कर्नाटकात कावेरी नदीतही सोडली गेली होती. कावेरीत स्वतःचा एक प्रचंड, पाठीला कुबड असलेला महासीर होता. बाहेरून आलेली जात वाढली आणि मूळ जात आटत गेली. त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' अशी निश्चित झाली ती २०१८ साली. आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. नाव मिळण्यापूर्वीच तो नाहीसा होण्याच्या मार्गाला लागला होता.

सामनाच्या इतिहासात हाच धडा मोठ्या प्रमाणावर मिळालेला आहे. कॅलिफोर्नियात मॅकक्लाउड नदीवर लिव्हिंग्स्टन स्टोन ह्यांनी १८७२ साली सामनाचे उबवण केंद्र काढले. तेव्हापासून नदी बिघडली तरी पिले सोडून तूट भरता येईल, असा विश्वास शासनांच्या मनात रुजला. १९७० नंतर नॉर्वेत समुद्रातील पिंजऱ्यांत सामन वाढवण्याचा उद्योग फोफावला. पिंजऱ्यांतून निसटलेला पाळीव सामन नद्यांत शिरून वन्य सामनाशी संकर पावतो आणि त्या त्या नदीच्या वंशाचे वैशिष्ट्य पुसट होते, हे आता प्रस्थापित झालेले आहे. माशांची संख्या वाढणे आणि मासा वाचणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. 'महासीर' हा एकच शब्द दोन नद्यांतील दोन माशांना पुरेसा वाटला, ह्यातच कावेरीच्या हानीचे बीज होते. नावाकडे झालेले दुर्लक्ष येथे केवळ भाषेचा दोष राहिले नाही.

७. डोह आणि अधिकार

कायद्याच्या बरोबरीने, आणि पुष्कळदा त्याहून प्रभावीपणे, माशाचे रक्षण करणारी एक जुनी व्यवस्था ह्या प्रदेशात आहे. शहापूरशेजारच्या वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथील तिळसेश्वराच्या डोहात महासीर देवाचे मासे म्हणून राखले जातात. महाडजवळ वाळण कोंड येथेही असाच डोह आहे. तेथे गळ टाकला जात नाही. ह्या रूढीची मर्यादाही स्पष्ट आहे. ती डोह राखते, वाट राखत नाही. मोठा मासा सुरक्षित राहतो. त्याच्या अंड्यांसाठी लागणारे वाळूगोट्यांचे उथळ पाणी डोहाबाहेर, देवाच्या हद्दीपलीकडे असते.

गेल्या पंचवीस वर्षांतील दोन कायद्यांनी ह्या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमामुळे गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही करावयाची आहे. तिच्यात स्थानिक नावे व ज्ञान नोंदवण्यास जागा आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न ह्यांवरील सामूहिक हक्क मान्य केला. १९२७ च्या कायद्यात ज्याचे नाव गुन्ह्यांच्या यादीत होते, ते कर्म ऐंशी वर्षांनी हक्कांच्या यादीत आले. हा बदल लहान नाही.

तरीही मूळ उणीव शिल्लक आहे. नोंदवहीत माशांच्या नावांची यादी झाली, पण चढण कोणत्या ओहोळातून होते, कोणत्या खाचरात थांबते, कोणत्या मोरीपाशी अडते ह्याची नोंद झाली नाही, तर साइक्स ह्यांच्या काळातली निवडच पुन्हा झाली असे म्हणावे लागेल : शरीर नोंदले, गती सोडली. मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरील धरणाचे काम २०१२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले होते. त्या योजनेचा विचार पुढेही होत राहिला. त्या वादात बुडणारी गावे व जंगल ह्यांची चर्चा झाली, आणि ती होणे योग्यच होते. भातशाच्या वेळी जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो काळूच्या वेळी विचारण्याइतका अवधी अजून आहे. चढणीच्या दिवसांत पहिल्या ओहोळावर सापळा लावून बसणाऱ्या माणसाला मासा कोठून येतो आणि कोठे जातो हे नेमके ठाऊक असते. संरक्षणाच्या कायद्याने सव्वाशे वर्षे त्या माणसाकडे केवळ आरोपी म्हणून पाहिले. त्याला साक्षीदार म्हणून बोलावणे ही पहिली दुरुस्ती ठरेल, आणि तिला भिंत बांधण्याइतका खर्च येत नाही.